नोकरीत लिहिलेला कोड कोणाचा : सहीपूर्वी, नोकरीत आणि नोकरी सोडताना

कंपनीत रुजू होण्याच्या दिवशी एचआरच्या टेबलावर जो गठ्ठा पुढे सरकवला जातो, त्यात भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म, बँकेचा तपशील, विम्यासाठी आईवडिलांची नावे आणि अगदी तळाशी एक परिशिष्ट असते. 'कर्मचाऱ्याने यापूर्वी केलेली निर्मिती' अशा अर्थाचे शीर्षक आणि त्याखाली पाच-सहा रिकाम्या ओळी, एवढाच त्याचा ऐवज. पुण्यातील माझ्या पहिल्या नोकरीत मी त्या ओळींवर 'निरंक' लिहून सही केली, कारण मागे रांग होती आणि जेवणाची वेळ झाली होती. महाविद्यालयात असताना मी जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो नोंदवण्याजोगा आहे असे त्या वेळी मनातही आले नाही. दीड वर्षाने प्रकाशन व्यवसायातील एका ग्राहकाच्या कामात मी तो आपणहून वापरला, आणि नोकरी सोडताना तो माझा असल्याचे सांगू लागलो तेव्हा माझ्याच अक्षरातील 'निरंक' माझ्यापुढे ठेवण्यात आला. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

हा लेख भारतात नोकरी करणाऱ्या नवोदित प्रोग्रामरसाठी आहे आणि तो भारतीय कायद्याला धरून लिहिला आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिला असेल तर आपले कागद घेऊन वकिलाकडे जावे. तशी वेळ येऊ नये म्हणून काय करता येते, तेवढे येथे पाहू.

पहिली पायरी : कायदा मुळात काय म्हणतो ते समजून घ्या

प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम २(ओ) नुसार संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. कवितेला किंवा कादंबरीला जे संरक्षण मिळते तेच आपल्या कोडला मिळते, आणि ते कोड लिहिला गेल्याबरोबर, कोणतीही नोंदणी न करता मिळते. कलम १७ चा सामान्य नियम असा की कृतीचा लेखक हाच तिचा पहिला मालक असतो. मात्र त्याच कलमाच्या परंतुक (सी) मध्ये, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत, नोकरदाराचा अपवाद आहे : सेवेच्या किंवा उमेदवारीच्या कराराखाली, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्या कंपनीकडे असते, याविरुद्ध काही ठरले नसेल तर.

या वाक्याचे शेवटचे चार-पाच शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि नवोदितांचा पहिला गैरसमज तेथेच होतो. 'मी कोणत्याही करारावर सही केलेली नाही, मग कोड माझाच' असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात उलटे आहे. कागद मुळीच नसेल तरी नोकरीच्या ओघातील कोड कंपनीचाच ठरतो. तो आपला राहावा असे वाटत असेल तर कागद आपल्याला लागतो, कंपनीला नाही.

लेखक आणि मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथेच लक्षात घ्यावे. कोडची मालकी कंपनीकडे गेली तरी कायद्याच्या नजरेत लेखक आपणच राहतो. प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे मोजली जाते; म्हणजे कंपनीच्या मालमत्तेचे घड्याळ पगारदार प्रोग्रामरच्या आयुष्यावर चालते, ही या कायद्यातील एक विलक्षण गंमत आहे. कलम ५७ लेखकाला कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क मालकी गेल्यावरही देते. आपण काय लिहिले हे बायोडेटात सांगण्याला त्यामुळे आधार मिळतो. त्यातील गोपनीय तपशील उघड करण्याला मात्र मिळत नाही.

'नोकरीच्या ओघात' म्हणजे 'कार्यालयीन वेळेत' नव्हे. पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर बनवणे हे ज्याचे काम आहे, त्याने रात्री अकरा वाजता घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्याच सॉफ्टवेअरचा अडलेला भाग सोडवला, तर तो कोड कंपनीचाच आहे. त्याच माणसाने रविवारी मुलीसाठी पाढ्यांचा खेळ लिहिला, तर तो केवळ नोकरी चालू होती म्हणून कंपनीचा होत नाही. काम कशाचे होते, ते करण्यासाठी आपल्याला नेमले होते का आणि ते कोणाच्या सांगण्यावरून केले, हे पाहिले जाते. घड्याळ आणि लॅपटॉप हे पुरावे आहेत, कसोटी नव्हेत. निदान कायद्यात तरी नव्हेत. करारात काय लिहिले आहे, ते पुढे पाहू.

दुसरी पायरी : करारातील दोन शब्दांमधला फरक शोधा

करार बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यातील बौद्धिक संपदेचे कलम वाचून कंटाळा येईल इतके लांब असते. ते पूर्ण वाचावेच. पण वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा. कंपनी 'नोकरीच्या ओघात' लिहिलेल्या कोडवर हक्क सांगते आहे, की 'नोकरीच्या काळात' लिहिलेल्या कोडवर? मराठीत एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्या वाक्याने कायद्यात आहे तेवढेच कंपनीला मिळते, तर दुसऱ्याने दिवाळीच्या सुट्टीत गावी बसून लिहिलेला पाढ्यांचा खेळही तिच्या पदरात जाऊ शकतो. पुष्कळ करारांत तिसरा, मधला प्रकार आढळतो : कंपनीच्या साधनांवर केलेले, किंवा कंपनीच्या 'सध्याच्या अथवा संभाव्य' व्यवसायाशी संबंधित असलेले सर्व काही. यातील 'संभाव्य' हा शब्द मला सर्वांत घातक वाटतो, कारण मोठ्या कंपनीचा संभाव्य व्यवसाय काय नसतो, हेच सांगणे कठीण असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कामगार संहितेच्या कलम २८७० मुळे अशा कलमांना मर्यादा पडते. कर्मचाऱ्याने सर्वस्वी स्वतःच्या वेळात, मालकाची साधने किंवा गोपनीय माहिती न वापरता केलेला शोध मालकाला करारानेही मागता येत नाही. तो मालकाच्या व्यवसायाशी किंवा कर्मचाऱ्याला दिलेल्या कामाशी संबंधित असेल तर गोष्ट वेगळी. सॅन होजे किंवा फ्रीमाँटमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना हे संरक्षण आहे; त्याच कंपनीच्या हिंजवडीतील शाखेत बसणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही, कारण आपल्याकडे असे स्वतंत्र कलम नाही. कंपनीचे मुख्यालय कोठे आहे यावर विसंबू नये. आपल्या करारात कोणत्या देशाचा कायदा लागू म्हटला आहे, ते पाहावे.

कलम फार रुंद वाटले तर सहीपूर्वी ईमेलने विचारावे. नव्या उमेदवाराला असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, पण मी पुढे अनेक वर्षे नेमणुकीच्या मुलाखती घेतल्या आणि या प्रश्नामुळे कोणाची नेमणूक रद्द झालेली पाहिली नाही. मजकूर साधा असावा : 'कलम अमुक हे माझ्या नेमून दिलेल्या कामापुरते आहे, असे मी समजतो. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर आणि कंपनीच्या कामाशी संबंध नसलेले लेखन त्यात येत नाही, याची कृपया पुष्टी करावी.' करार बदलला जाईलच असे नाही, आणि उत्तर कोण देतो त्याला तेवढा अधिकार आहे का, हेही पाहावे लागते. तरी अधिकारी व्यक्तीचे 'होय' असे एका ओळीचे उत्तर पुढे मोलाचे ठरते.

आता ते परिशिष्ट. त्यात आपल्या आधीच्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव, तो कशासाठी आहे त्याचे एक वाक्य, शेवटच्या आवृत्तीची तारीख आणि तो कोठे ठेवला आहे, एवढे लिहावे. आतली युक्ती सांगण्याची गरज नाही. अर्धवट राहिलेले आणि नाव न ठेवलेलेही लिहावे. ओळी कमी पडल्या तर 'सोबत पुरवणी जोडली आहे' असे लिहून पान जोडावे आणि सही झालेल्या संपूर्ण कागदाचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. 'निरंक' लिहिल्याने जुना कोड त्या क्षणी कंपनीचा होतो असे नाही, कारण कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. पण नंतर तोच कोड कंपनीच्या उत्पादनात सापडला तर तो आधीचा होता हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, आणि आपलीच सही आपल्याविरुद्ध उभी राहते.

पेटंटचे प्रकरण वेगळे आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) मुळे निव्वळ संगणक प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. ज्या शोधाला मिळू शकते त्याचा हक्क कंपनी बहुधा याच कराराने लिहून घेते.

तिसरी पायरी : स्वतःचे काम पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा

स्वतःच्या वेळेत काही लिहायचे असेल तर यंत्र वेगळे, ईमेल वेगळा, खाते वेगळे. हे सल्ले सर्वांना ठाऊक असतात आणि फार थोडे जण पाळतात. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे नोंदवलेल्या बदलाबरोबर, लेखकाचे नाव, ईमेल आणि वेळ कायमची नोंदली जाते. आपल्या खासगी प्रकल्पाचा इतिहास उघडला आणि तेथे बुधवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटे, ईमेल कंपनीचा, अशी ओळ दिसली, तर 'मी हे घरी, सुट्टीत केले' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. ही चूक बहुधा हेतुपुरस्सर होत नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर गिटची जी सर्वसाधारण मांडणी केलेली असते तीच खासगी फोल्डरलाही लागू होते, आणि 'पाच मिनिटांत एक दुरुस्ती करून टाकू' म्हणणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, इतिहासात या सावधगिरीचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी १९८४ मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातील नोकरी सोडली ती याच कारणासाठी. नोकरीत राहून जीएनयू या आपल्या मुक्त संगणकप्रणालीचे काम केले असते तर संस्थेला त्यावर मालकी सांगता आली असती आणि ते मुक्तपणे वाटण्यात अडथळा आणता आला असता. नोकरी सोडल्यानंतरही प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्यांना तेथील साधने वापरू दिली, हा त्यातला मजेचा भाग. नोकरीचे नाते संपले होते, त्यामुळे त्या साधनांनी मालकीचा प्रश्न निर्माण झाला नाही. पुढे मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या जीपीएल या परवान्याच्या जोडपत्रातही, आपण प्रोग्रामर म्हणून नोकरीत असाल तर गरजेप्रमाणे मालकाकडून हक्क नसल्याचे लेखी निवेदन घ्या, असे सुचवलेले आहे.

म्हणून मुक्त प्रकल्पाला हातभार लावण्यापूर्वी कंपनीचे त्याबाबतचे धोरण शोधावे आणि ते नसल्यास वरिष्ठांकडून लेखी परवानगी घ्यावी. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यात, २००४ पासून प्रत्येक बदलाखाली योगदान देणाऱ्याची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते. ती लिहिणारा हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे असे जाहीर करत असतो. कोड कंपनीचा असेल आणि परवानगी नसेल, तर आपण चक्क खोटे निवेदन केले असे होते, आणि तेही जगजाहीर ठिकाणी. परवानगीच्या पत्रात प्रकल्पाचे नाव, त्याचा परवाना आणि 'कंपनी या योगदानावर मालकी सांगणार नाही' हे वाक्य असावे. वरिष्ठाने चहा पिता पिता 'कर रे, काही हरकत नाही' म्हटले, तर त्याच संध्याकाळी 'आज आपले बोलणे झाले त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून त्याला ईमेल पाठवावा.

स्वतःच्या प्रोग्रामची प्रताधिकार कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक नाही, पण तारखेचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जाबरोबर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने, कोणताही भाग न झाकता, द्यावी लागतात.

चौथी पायरी : आपण नोकर आहोत की कंत्राटदार, हे ठरवा

फ्रीलान्स काम करणाऱ्यासाठी वरचा नियम जवळजवळ उलटा होतो, आणि येथे फसगत बहुधा पैसे देणाऱ्याची होते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र, चित्र किंवा चित्रपट यांची पहिली मालकी सांगणाऱ्याकडे जाते, असे कलम १७ च्या परंतुक (बी) मध्ये आहे. संगणक प्रोग्राम त्या यादीत नाही. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने अडतीच्या हिशेबाचा प्रोग्राम एका मुलाकडून दोन लाख रुपयांना करून घेतला आणि कागद काहीच केला नाही. तो प्रोग्राम वापरण्याची मुभा व्यापाऱ्याला आहे, कारण त्याचसाठी त्याने पैसे मोजले. पण प्रताधिकार त्या मुलाचाच राहतो आणि तो तसाच प्रोग्राम शेजारच्या पेढीला विकू शकतो. 'पैसे मी दिले म्हणजे वस्तू माझी' हा बाजारातला रोजचा न्याय येथे लागत नाही, हे समजावून सांगताना मी अनेक व्यापाऱ्यांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत.

व्यापाऱ्याला मालकी हवी असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यावर मालकी देणाऱ्याची सही लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात असावे. हे लिहायचे राहिले तर कायदा स्वतः रिकाम्या जागा भरतो : मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय घेणाऱ्याने मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो हक्क परत लेखकाकडे येतो. 'सर्व हक्क ग्राहकाचे' असे एका ओळीत उरकलेल्या करारात मुदत आणि प्रदेश नसतात, आणि सहाव्या वर्षी त्या ओळीची किंमत कळते. दुबईच्या ग्राहकासाठी काम केले असेल, तर 'फक्त भारत' हा अर्थ त्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो.

आपण काम करणाऱ्याच्या बाजूला असाल तर दोन वाक्ये करारात घालून घ्यावीत. पहिले, मालकीचे हस्तांतरण शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासून अमलात येईल; उधारी वसूल करण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही. दुसरे, आपण अनेक कामांत पुन्हा पुन्हा वापरतो तो सामाईक कोड आपल्याच मालकीचा राहील आणि ग्राहकाला तो या प्रोग्रामपुरता वापरण्याचा कायमचा परवाना असेल. हे दुसरे वाक्य नसल्यास पहिल्याच ग्राहकाबरोबर आपली सगळी अवजारे विकली जातात.

करारावर 'सल्लागार' असे लिहिले म्हणजे माणूस कंत्राटदार होतोच असे नाही. काम कसे करायचे हे कोण ठरवतो, हजेरी लागते का, रजा मागावी लागते का, साधने कोणाची, भविष्य निर्वाह निधी कापला जातो की महिन्याला बिल द्यावे लागते, अशा सर्व गोष्टी एकत्र पाहून न्यायालय नाते ठरवते. मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेच्या पटावर राहून दुसऱ्याच कंपनीत बसणाऱ्याने दोन्ही ठिकाणचे कागद वाचावेत. इंटर्नने 'मी कुठे कर्मचारी आहे' असे समजू नये, कारण परंतुकात उमेदवारीचा करारही आहे. चार मित्रांनी कंपनी स्थापन होण्यापूर्वीच कोड लिहिला असेल, तर तो ज्याने त्याने लिहिला त्याचाच आहे. कंपनी नोंदवल्यावर प्रत्येकाने तो लेखी हस्तांतरित करावा. हे काम मैत्री टिकून असतानाच होते.

पाचवी पायरी : नोकरी सोडताना हात मोकळे ठेवा

राजीनामा दिल्यावर शेवटच्या आठवड्यात 'आपलाच तर कोड आहे' म्हणून पेन ड्राइव्हवर किंवा खासगी ड्राइव्हवर प्रत घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहितीची प्रत घेण्याविरुद्ध आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोठ्या कंपन्यांत नोटीस पिरियडमधील फाइलींची ये-जा बारकाईने पाहिली जाते. उलट टोकाची चूक म्हणजे लॅपटॉप परत देण्यापूर्वी तो पुसून टाकणे. त्यात कंपनीचा कोड गेला तर आणखी वेगळे प्रकरण उभे राहते. खासगी फोटो किंवा कागद त्यावर असतील तर आयटी विभागाला सांगून, त्यांच्यासमोर काढावेत.

डोक्यातील कौशल्य मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ व्यवसाय करण्यावर बंदी घालणारे करार निरर्थक ठरवते, त्यामुळे 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या क्षेत्रात काम करणार नाही' अशा अटी आपल्या न्यायालयांत सहसा टिकत नाहीत. नोकरीची मुदत चालू असताना घातलेले बंधन वेगळे. कल्याणच्या कारखान्यातील गोळीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरलेल्या पाच वर्षांतील उरलेल्या काळापुरते असे बंधन योग्य मानले, आणि व्यापारी गुपिते न फोडण्याचेही. नव्या कंपनीत तोच प्रश्न नव्याने सोडवायला हरकत नाही. जुन्या कंपनीतील फाइल आठवणीतून ओळीला ओळ उतरवून काढणे म्हणजे तीच कृती पुन्हा करणे होय.

निघताना रिलिव्हिंग लेटरबरोबर आणखी एक छोटे पत्र मागावे : परिशिष्टात नोंदवलेले अमुक प्रोग्राम कर्मचाऱ्याच्या मालकीचे असून कंपनीचा त्यांवर दावा नाही. शेवटच्या दिवशी कोणालाच वाद नको असतो, त्यामुळे ते बहुधा मिळते.

माझ्याजवळ तसे पत्र नव्हते. माझ्या फॉन्टच्या प्रोग्रामचे भांडण अखेर एका जुन्या ईमेलने मिटले. रुजू होण्याच्या आठ महिने आधी मी तो मित्राला जोडपत्र म्हणून पाठवला होता, आणि त्याने आपल्या सवयीप्रमाणे काहीच पुसले नव्हते. ते जोडपत्र पाहून कंपनीने मूळ आवृत्ती माझी असल्याचे मान्य केले. पण नोकरीत असताना ग्राहकाच्या कामासाठी मी त्यात जोडाक्षरांच्या ज्या दुरुस्त्या केल्या, रफार आणि पहिली वेलांटी योग्य जागी नेणारा जो भाग लिहिला, तो कंपनीचाच राहिला, आणि कायद्याने ते बरोबरच होते. मला परत मिळाला तो 'र्क' ऐवजी 'कर्' दाखवणारा पहिला, कच्चा प्रोग्राम. रफाराचा भाग मी वर्षभराने, घरच्या संगणकावर, वेगळ्या पद्धतीने पुन्हा लिहिला, आणि पुढच्या नोकरीच्या परिशिष्टात पहिल्याच ओळीवर त्याचे नाव, तारीख आणि आवृत्ती क्रमांक लिहून मगच पेन खाली ठेवले. मागे तेव्हाही रांग होतीच.